सहलीहून घरी आल्यावरचा पहिला आठवडा: बॅग एकटीने उपसू नका

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही चौघं नऊ दिवस उष्ण कटिबंधातल्या एका बेटावर राहून आलात, मुलगी पाच वर्षांची आणि मुलगा दहाचा. तिथे सगळे खूश, तिन्ही वेळा एकत्र जेवण, पाण्यात खेळणं, रात्री उशिरापर्यंत गप्पा. घरी येऊन चार दिवस झाले तर मुलगी रोज रात्री दोनला उठून तुमच्या पलंगावर येते, मुलगा गप्प गप्प असतो, मुलांचे बाबा दुसऱ्याच दिवशी कामावर गेले आणि तुम्ही विचारताय की जे तिथे होतं ते घरी का टिकत नाही, आमचं काय चुकतंय.

तुमचं काही चुकत नाहीये हे सगळ्यात आधी सांगते, आणि उगाच धीर द्यायला म्हणून नाही. मी गेली 24 वर्षं लहान मुलांची डॉक्टर आहे आणि सुट्ट्या संपल्या की पुढचे दोन आठवडे माझ्याकडे ठरलेल्या तक्रारी घेऊन मुलं येतात, पोट दुखतंय पण तपासलं तर पोटात काही नाही, जेवत नाही, रात्री उठतो, बारीकसारीक गोष्टीवरून रडते. ताप नाही, वजन ठीक, कान घसा स्वच्छ. मग मी आईबाबांना विचारते की बॅग कधी उघडली आणि कोणी उघडली? उत्तर बहुतेक वेळा एकच असतं, आईने रात्री मुलं झोपल्यावर एकटीने उपसली आणि सकाळी मुलं उठली तेव्हा सगळं धुवायला गेलेलं, बॅग माळ्यावर. म्हणजे मुलांच्या डोळ्यांसमोर सहल संपलीच नाही, ती रात्रीतून गायब झाली.

आता तिथे नेमकं काय होतं ते बघा. आपल्याला वाटतं समुद्र होता, ऊन होतं, मोकळा वेळ होता म्हणून सगळे खूश होते. मुलांच्या बाजूने बघितलं तर तिथे एक खोली होती, एक दार होतं आणि ते दार लागलं की आपली सगळी माणसं आत. कोणी दुसऱ्या खोलीत फोनवर बोलायला जात नव्हतं, कोणाला कुठे निघायची घाई नव्हती, आई आंघोळीला गेली तरी पाण्याचा आवाज ऐकू यायचा. पाच वर्षांच्या मुलीसाठी ही केवढी मोठी चैन आहे याचा आपल्याला अंदाज येत नाही. माझ्याकडे एक छोटी मुलगी आली होती, अशीच सहलीहून आल्यावर झोप मोडायची तक्रार, मी तिला विचारलं तिथे रात्री काय ऐकू यायचं ग, मला वाटलं लाटा म्हणेल. ती म्हणाली, "बाबांचं घोरणं. इथे काहीच ऐकू येत नाही." तिचे बाबा शेजारीच बसले होते, त्यांनी त्या रात्रीपासून आठवडाभर तिच्या खोलीत जमिनीवर गादी टाकली आणि पुढच्या आठवड्यात ती आपली आपण झोपायला लागली. औषध काहीच दिलं नाही.

म्हणून मुलगी रात्री पलंगावर येते याला लगेच वाईट सवय म्हणू नका. नऊ रात्री ती तुम्हा सगळ्यांच्या श्वासाच्या आवाजात झोपली आहे आणि दहाव्या रात्री एकदम वेगळी खोली, बंद दार. आठ दहा दिवस द्या तिला. तुमच्यापैकी कोणीतरी तिच्या खोलीत झोपा किंवा तिची गादी तुमच्या खोलीत आणा, मग दोन दोन रात्रींनी थोडी थोडी लांब. हे करताना तिला मोठी झालीस ना आता वगैरे म्हणू नका, त्याने फक्त लाज वाटते, झोप लागत नाही.

झोपेचं दुसरं कारण अगदी शरीराचं आहे. तुम्ही टाइम झोन बदलून आला आहात का ते लिहिलं नाहीये, पण बदलला असेल तर हे लक्षात ठेवा की माणसाच्या शरीरातलं घड्याळ बरोबर 24 तासांचं नसतं, 1999 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ते मोजलं तर सरासरी 24 तास 11 मिनिटांच्या आसपास निघालं, थोडं लांबच. त्यामुळे आपल्याला उशिरापर्यंत जागणं सोपं जातं आणि लवकर झोपणं अवघड, आणि म्हणूनच पूर्वेकडे प्रवास करून आलं की जास्त त्रास होतो कारण तेव्हा शरीराला रोजच्यापेक्षा लवकर झोपावं लागतं. साधारण एका टाइम झोनला एक दिवस असा हिशोब धरायचा. टाइम झोन बदलला नसला तरी सुट्टीत मुलं दोन तास उशिरा झोपत होती, तोही छोटा जेट लॅगच. यावर सगळ्यात चांगलं औषध म्हणजे सकाळचा उजेड, उठल्यावर अर्ध्या तासात मुलांना बाहेर काढा, गॅलरीत नाहीतर दारात, आणि संध्याकाळी घरातले मोठे दिवे लवकर मंद करा. उठायची वेळ पक्की ठेवा, झोपायची वेळ रोज पंधरा वीस मिनिटं अलीकडे आणा. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसभरात 10 ते 13 तास झोप लागते आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास, सहलीत ती रोज थोडी थोडी बुडालेली असते, तेव्हा या आठवड्यात मुलं चिडकी असणार हे गृहीतच धरा आणि त्यांच्याशी कुठलाही मोठा विषय काढू नका.

मुलांचे बाबा दुसऱ्या दिवशी कामावर गेले, त्याबद्दल तुमच्या लिहिण्यात थोडा राग दिसतो आणि तो बरोबरही आहे, पण त्यांनाही बहुतेक आतून तसंच रितं वाटत असेल. नेदरलँड्समध्ये 1530 लोकांचा एक अभ्यास झाला होता, 2010 मध्ये छापून आला, त्यात दिसलं की सुट्टीचा आनंद खरा जास्त असतो तो जाण्याच्या आधी, आणि परत आल्यावर जाऊन आलेल्यांच्या आणि न गेलेल्यांच्या आनंदात फारसा फरक राहत नाही, अपवाद फक्त ज्यांची सुट्टी अगदी निवांत गेली त्यांचा, आणि त्यांचाही फायदा काही आठवड्यांत ओसरतो. कामाच्या ताणावर झालेल्या दुसऱ्या अभ्यासांतही हेच, कामावर परतल्यावर पहिल्या आठवड्यातच माणूस पूर्वीच्या जागी येतो. मी हे निराश करायला सांगत नाहीये. मला म्हणायचंय की सुट्टीचा मूड ताणून टिकवायचा प्रयत्न सोडून द्या, तो टिकत नसतो, कोणाचाच नाही. परत आल्यावर घरात थीम नाइट करा, तीच गाणी लावा, तसंच जेवण करा असे सल्ले लोक देतात, मी देत नाही, कारण मुलांना नक्कल लगेच कळते आणि मग त्यांना अजूनच वाटतं की खरं ते तिकडे राहिलं.

त्यापेक्षा बॅग नीट उघडा. मी यावर इतका जोर का देते ते सांगते.

समजा तुमची बॅग अजून पॅसेजमध्ये उभी आहे, तर फार छान, उशीर झालेला नाहीये. आज रात्री जेवणं झाल्यावर हॉलमध्ये जमिनीवर जुनी चादर पसरा, फोन सगळे दुसऱ्या खोलीत, आणि चौघांनी बसून बॅग उघडा. नियम एकच ठेवा, प्रत्येक वस्तू ज्याची त्याने काढायची आणि ती कुठे होती, कधी वापरली हे वाटलं तर सांगायचं, नाही वाटलं तर नाही सांगायचं. बॅग उघडल्यावर पहिला जो वास येतो ना, सनस्क्रीन, दमट टॉवेल, खारट काहीतरी, तिथे जरा थांबा. वासाची वाट मेंदूत भावना आणि आठवण सांभाळणाऱ्या भागांकडे बाकी इंद्रियांपेक्षा बरीच सरळ जाते, म्हणून एका वासाने सगळी दुपार परत उभी राहते. मुलीला विचारा हा कशाचा वास आहे, तिला सांगू दे, चुकीचं सांगितलं तरी चालेल. आणि हो, ओले राहिलेले पोहण्याचे कपडे असतील तर ते आधी काढून वाळत घाला, चार दिवसांत त्यांना बुरशीचा वास लागलेला असतो, मशीनमध्ये टाकायच्या आधी वाळवून वाळू झटकायची, ओली वाळू कापडात बसते आणि मशीनच्या फिल्टरमध्ये जाते.

ती वाळू फेकू नका. बॅगेच्या अस्तराच्या कोपऱ्यात, बुटांच्या आत, खिशाच्या शिवणीत चमचाभर तरी निघतेच. पांढऱ्या कागदावर घ्या आणि घरात भिंग असेल तर द्या मुलांच्या हातात. साध्या डोळ्यांना ती एकाच रंगाची पूड दिसते, भिंगाखाली मात्र गुलाबी कण दिसतात, शिंपल्याचे चकचकीत तुकडे, बारीक भोकं असलेले पोवळ्याचे तुकडे, एखादा अख्खा शंख, टाचणीच्या डोक्याएवढा. उष्ण समुद्रातल्या पांढऱ्या किनाऱ्यांची वाळू बरीचशी पोवळ्यांची आणि शिंपल्यांची असते आणि तिचा मोठा भाग पोपटमासा नावाचा मासा तयार करतो, तो मेलेल्या पोवळ्यावरचं शेवाळ खरवडून खाताना पोवळंही चावतो, घशातल्या दातांनी दळतो आणि मागून वाळू बाहेर टाकतो, एकेक मोठा मासा वर्षाला शेकडो किलो. हे ऐकल्यावर पाच वर्षांची मुलं जी हसतात ते बघण्यासारखं असतं, आणि दहा वर्षांचा गप्प मुलगासुद्धा कागदाजवळ सरकतो. त्याला एक काम द्या, त्या वाळूवर व्हिनेगरचा एक थेंब टाकायला सांगा. पोवळ्या शिंपल्याची असेल तर बुडबुडे येतील कारण ते कॅल्शियम कार्बोनेट असतं. किनारा काळ्या वाळूचा असेल तर ती बहुतेक ज्वालामुखीच्या खडकाची, तिच्यात सहसा काही होणार नाही. माझ्या घरी हे केलं तेव्हा माझा मुलगा नऊ वर्षांचा होता, अर्धा तास एक शब्द न बोलता त्याने ते कण चिमट्याने रंगांप्रमाणे वेगळे केले आणि मग खाली मान घालूनच म्हणाला की तिथे शेवटच्या दिवशी मला रडू येत होतं पण तुम्ही सामानाच्या गडबडीत होतात. मला ते माहीतच नव्हतं. हातात काहीतरी काम असलं आणि नजर खाली असली की मुलं बोलतात, समोर बसवून काय झालं सांग म्हटलं की नाही बोलत.

शंख शिंपले आणले असतील तर आधी नीट बघा आत जीव नाहीये ना, मग साध्या पाण्यात भिजवून ब्रशने घासून उन्हात वाळवा. आणि पुढच्या वेळी पोवळ्याचा तुकडा मात्र आणू नका, दगडी पोवळ्यांच्या व्यापारावर आणि देशाबाहेर नेण्यावर आंतरराष्ट्रीय नियम आहेत, विमानतळावर मुलाच्या हातातून ते काढून घेतलेलं मी बघितलंय आणि तो मुलगा पुढचे दोन तास रडत होता.

आता गप्पांबद्दल, कारण यात आपण सगळे चुकतो. आपण विचारतो मजा आली ना? मुलगी म्हणते हो. आवडलं ना? हो. संपलं. बालमानसशास्त्रात रॉबिन फायवश आणि इलेन रीस यांनी खूप वर्षं यावरच काम केलंय, आईवडील मुलांशी झालेल्या गोष्टींबद्दल कसं बोलतात यावर, आणि त्यातून वारंवार दिसलंय की जे पालक काय, कुठे, कसं असे मोकळे प्रश्न विचारतात, मुलाच्या उत्तरात स्वतःची थोडी भर घालतात आणि मुलाने जे सांगितलं ते मान्य करत पुढे नेतात त्यांच्या मुलांना पुढे आपल्या आठवणी जास्त नीट आणि भरून सांगता येतात. पाच वर्षांच्या वयासाठी हे फार मोलाचं आहे. मोठेपणी आपली सगळ्यात जुनी आठवण साधारण तीन साडेतीन वर्षांची असते आणि त्यानंतरच्या काही वर्षांतलंही फार थोडं उरतं, जे बोललं गेलं ते राहण्याची शक्यता जास्त.

तर विचारायचं असं की आपण त्या होडीत बसलो तेव्हा तुझ्या पायाखाली काय होतं? मग ती म्हणेल पाणी होतं, मोजे ओले झाले. तुम्ही म्हणा हो ग, आणि दादाने त्याचे बूट वर धरले होते. मग दादा म्हणेल मी नव्हते धरले, बाबांनी धरले होते. इथे वाद मिटवायला फोटो काढून दाखवू नका. चालू दे तो वाद. कुटुंबाची आठवण अशीच तयार होते, चौघांची मिळून, थोडी चुकीची थोडी बरोबर.

आणि मुलांना जे आठवतं ते ऐकून हिरमुसू नका. तुम्ही एवढा खर्च करून समुद्रातली पोवळी दाखवली, सूर्यास्त दाखवला आणि मुलगी म्हणते मला लिफ्ट आवडली. नाहीतर भिंतीवरची पाल, किंवा टॉवेलची घडी, किंवा एक लंगडणारी मांजर. तिची सहल ती आहे. एका आईने माझ्यासमोरच मुलाला दटावलं होतं की काय रे, मासे नाही आठवत तुला, आणि तो मुलगा तपासणी संपेपर्यंत पुन्हा तोंडच उघडेना. लिफ्ट म्हणाली तर लिफ्टबद्दल विचारा, कुठलं बटण तू दाबायचीस, दार लागताना कसा आवाज यायचा.

काही प्रश्न त्यांच्याकडूनही येतील, मोठा विचारेल तिथे रात्र एवढी पटकन कशी व्हायची. त्याचं उत्तर खरंच छान आहे. विषुववृत्ताजवळ सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, तिरका सरकत नाही, त्यामुळे मावळल्यावर वीस पंचवीस मिनिटांत अंधार पडतो, आणि वर्षभर दिवस साधारण बारा तासांचाच असतो. एक चेंडू आणि टॉर्च घेऊन बाबांनी दाखवावं हे, दहा मिनिटांचं काम आहे, कामावरून आल्यावरही होतं.

फोटोंचं थोडक्यात सांगते. हजार दीड हजार फोटो असतील, ते सगळे बसून स्क्रोल करू नका, पंधराव्या मिनिटाला मुलं कंटाळतात आणि मोठे आपापल्या फोनमध्ये जातात. 2014 मध्ये छापलेल्या एका प्रयोगात संग्रहालयात फिरताना ज्या वस्तूंचे फोटो काढले त्या लोकांना नुसत्या बघितलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या, कॅमेऱ्यावर भार टाकला की डोकं सोडून देतं. प्रत्येकाने तीन फोटो निवडा, बारा झाले, ते छापून आणा आणि मुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा, तुमच्या नाही.

एक गोष्ट मात्र फोटोत येत नाही आणि ती मला सगळ्यात आवडते, पायांवरची खूण. उन्हात चप्पल घालून फिरल्याने पायांवर पट्ट्यांचे फिकट पट्टे उमटलेले असतात, चौघांचेही वेगवेगळे. रात्री झोपायच्या आधी पलंगाच्या कडेवर चौघांनी ओळीने बसा आणि आठ पाय एकत्र ठेवून बघा कोणाचे पट्टे अजून दिसतात. कातडीचा वरचा थर चार ते सहा आठवड्यांत हळूहळू नवा होतो, पट्टे तेवढ्या वेळात फिके होत जातात, लहान मुलांना ते रोज बघायला फार आवडतं. आमच्याकडे एका वर्षी हे दीड महिना चाललं, शेवटी मुलीच्या अंगठ्याजवळची एकच रेघ उरली होती आणि ती ती कोणाला हात लावू द्यायची नाही. दोन मिनिटं लागतात याला. कामावरून उशिरा येणाऱ्या बाबांनाही दोन मिनिटं जमतात, आणि तुम्हाला जे तिथलं हवंय, म्हणजे सगळे एकाच वेळी एकाच जागी आणि कोणालाच कुठे जायचं नाहीये, ते या दोन मिनिटांत असतं. घरातल्या अशा रोजच्या ठरलेल्या छोट्या गोष्टींवर पन्नासेक वर्षांच्या संशोधनाचा एक आढावा 2002 मध्ये निघाला होता, त्यातही हेच आलं की त्यांचा संबंध मुलांच्या तब्येतीशी आणि घरातल्या नात्यांशी लागतो. गोष्ट कुठली हे महत्त्वाचं नाही, ती रोज होते आणि सगळे असतात हे महत्त्वाचं.

कातडी सोलवटत असेल तर ओढून काढू नका, साधं मॉइश्चरायझर लावा, उन्हाने भाजल्यावर तीन चार दिवसांपासून आठवडाभर हे चालतं.

आता डॉक्टर म्हणून जे सांगायलाच हवं ते. वर मी म्हटलं की पोटदुखीत काही सापडत नाही, पण ते मी तपासून म्हणते, तुम्ही घरी ठरवायचं नाही. उष्ण कटिबंधातून आल्यावर मुलाला ताप आला तर सहलीचा थकवा असेल म्हणून वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि आत शिरल्या शिरल्या सांगा की आम्ही अमुक ठिकाणी जाऊन आलो आणि अमुक तारखेला परत आलो. डेंग्यूचा ताप डास चावल्यावर साधारण 4 ते 10 दिवसांत येतो, कधी दोन आठवड्यांपर्यंत. मलेरिया सहसा सात दिवसांच्या आत येत नाही पण नंतर कितीही आठवड्यांनी येऊ शकतो, एका प्रकारचा तर काही महिन्यांनीसुद्धा, म्हणून तुम्ही गेलात तिथे मलेरिया असेल तर वर्षभर कुठल्याही तापात हे सांगायचं. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत तापाला फक्त पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे, आयब्युप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन नको कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरल्यावरसुद्धा पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा मूल एकदम मलूल होणं यातलं काही दिसलं तर थेट हॉस्पिटल, डेंग्यूमध्ये ताप उतरण्याचा काळच जास्त जोखमीचा असतो.

कानाची पाळी ओढली की दुखत असेल तर पोहण्याच्या पाण्याने कानाच्या नळीत इन्फेक्शन असू शकतं, कापूस घालू नका, तेल तर अजिबात नको. आणि पायावर किंवा बसण्याच्या जागी खूप खाजणारी, रोज थोडी पुढे सरकणारी नागमोडी लाल रेघ दिसली तर ती वाळूतल्या कुत्र्या मांजरांच्या जंताची अळी असते, दिसायला भीतीदायक पण औषधाने लवकर बरी होते. जुलाब लागले तर ओआरएस, आणि शौचात रक्त असेल किंवा लघवी कमी झाली तर दाखवा.

राहिला मुलगा. दहा वर्षांचा मुलगा परत आल्यावर गप्प होतो तेव्हा बऱ्याचदा त्याला सहलीची आठवण येत नसते, बाबांची येत असते. तिथे बाबांनी त्याला पाण्यात श्वास धरायला शिकवला असेल, शर्यत लावली असेल, आणि घरी आल्यावर ते बाबा परत फोनवर बोलणारे झाले. हे तो शब्दांत सांगणार नाही. आईने विचारून उपयोग नाही, हे बाबांनीच करायचंय आणि त्यात विचारणं नकोच. या आठवड्यात कुठल्याही एका संध्याकाळी त्याला सोबत घेऊन चालायला जा, गाडी धुवा, काहीतरी दुरुस्त करा, शेजारी शेजारी, अर्धा तास, फोन घरी ठेवून. पहिल्या वेळी तो बहुतेक काहीच बोलणार नाही. दुसऱ्या वेळी परत न्या. माझ्या अनुभवात तिसऱ्या वेळेपर्यंत तो स्वतःहून सुरू होतो, आणि सुरुवात नेहमी भलत्याच विषयाने करतो, शाळेतल्या मुलाबद्दल किंवा गेमबद्दल, तर तेच ऐका.

तीन आठवडे झाले आणि मुलगी अजून रोज रात्री घाबरून उठते, किंवा मुलगा जेवण कमी करतोय, शाळेत जायला रडतोय, मित्रांकडे जायला नको म्हणतोय असं असेल तर मग कारण सहल नाहीये, दाखवायला घेऊन या. तोपर्यंत आज रात्री चादर पसरा. बॅगेच्या बाहेरच्या छोट्या खिशाची चेन उघडायला मुलीला सांगा, तिथे हमखास काहीतरी निघतं.